कागदावरचा राजीनामा: नागपुरातील एका नोकरकपातीचे प्रकरण

ज्या गृहस्थांचे हे प्रकरण आहे त्यांना मी या लेखात 'अर्जदार' म्हणणार आहे, कारण फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२३ या काळात त्यांची तीच एक ओळख उरली होती. लेखाला त्यांची संमती आहे. तरीही नाव, कंपन्या आणि ओळख पटेल असे बारीक तपशील मी गाळले आहेत. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कार्मिक विभागात बावीस वर्षे काढल्यानंतर आता मी नोकरी शोधणाऱ्यांना सल्ला देतो. त्या बावीस वर्षांत, ज्या बायोडेटात मध्येच काही महिने रिकामे दिसतात तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवण्याचे काम मीही फारसा विचार न करता केले आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण या प्रकरणातील एक मोठी चूक माझी आहे.

अर्जदार एकेचाळीस वर्षांचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामातले. जुलै २०१४ मध्ये ते पुण्यातील एका कंपनीत लागले. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झाले तेव्हा कुटुंबासह नागपूरला परतले आणि मनीषनगरात कर्ज काढून फ्लॅट घेतला. हातात महिन्याला एक लाख पाच हजार येत होते, त्यातले एकतीस हजार घराच्या हप्त्यात जात. पत्नी घरीच शिकवण्या घेत. वडील जुने गिरणी कामगार; जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांची उमेदीची वर्षे गेली. मिल केव्हाच बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी दुपारी त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावण्यात आले. कॉल चौदा मिनिटे चालला. ज्या उत्पादनाच्या टेस्टिंगचे काम त्यांच्या चाळीस जणांच्या विभागाकडे होते ते उत्पादन परदेशी ग्राहकाने आवरते घेतले होते, म्हणून अकरा पदे रद्द होत होती आणि त्यांत त्यांचे एक होते. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. संध्याकाळी सहापर्यंत संगणकावरच राजीनामा दिला तर दोन महिन्यांचा जादा पगार आणि 'स्वच्छ' रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळे केल्याचे पत्र, मिळेल; न दिल्यास कंपनी सेवा समाप्त करेल आणि पत्रात तसेच लिहील. 'सेवा समाप्त' हे शब्द घेऊन पुढे कुठे जायचे, या भीतीने त्यांनी पाच वाजून चाळीस मिनिटांनी राजीनामा पाठवला. कारणांच्या यादीतून 'वैयक्तिक कारण' निवडल्याशिवाय तो फॉर्म पुढेच सरकत नव्हता.

चौथ्या दिवशी लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला आला. त्याने सोबत खोका आणला नव्हता. तेव्हा अर्जदारांनी माळ्यावरून मिक्सरचा जुना खोका काढला, त्यात लॅपटॉप, चार्जर आणि हेडफोन ठेवले, वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि चिकटपट्टी लावली. सोफ्यावर बसलेल्या वडिलांनी विचारले, "दुरुस्तीले चालला का?" ते हो म्हणाले. पुढचे चार महिने घराबाहेर कोणाला काही कळले नाही आणि घरात वडिलांनाही नाही. बायोडेटा मात्र मुलीच्या टॅबवर, एका बोटाने टाइप करावा लागला.

राजीनामा आणि कपात

ते माझ्याकडे आले जूनमध्ये. मी पहिला प्रश्न कागदांचा केला आणि तिथेच अडचण लक्षात आली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५फ नुसार, सलग वर्षभर म्हणजे किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची झाल्यास एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागे आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाएवढी भरपाईही द्यावी लागे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे स्वेच्छेने नोकरी सोडणे ही कपात नव्हे. अर्जदारांच्या हाताखाली सहा जण होते. देखरेखीचे काम करणारा आणि दहा हजारांहून अधिक वेतन घेणारा माणूस त्या कायद्याखाली 'कामगार' ठरत नसे, त्यामुळे राजीनामा दिला नसता तरी लढाई सोपी नव्हतीच. त्यांनी विचारलेल्या वकिलांनीही हेच सांगितले आणि खटल्याला किती वर्षे लागतील याचा हिशेब मांडून दाखवला. मात्र त्यांच्या चमूतील जे साधे टेस्टर त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन मोकळे झाले, त्यांनी आपला बराच दावा त्या एका बटणाबरोबर सोडला, हे त्यांच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. देखरेखीच्या कामाची वेतनमर्यादा आता अठरा हजार आहे, आणि कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूद आली आहे. कागदावर राजीनामा असेल तर हेही कपातीच्या बाहेरच राहते.)

राजीनाम्याने ग्रॅच्युइटी मात्र जात नाही; पाच वर्षे सलग सेवा झाली की ती देणे आहेच. हिशेबाच्या पत्रकात कंपनीने आठ वर्षे धरून दोन लाख चाळीस हजार दाखवले होते. सेवा होती आठ वर्षे सात महिने, आणि तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जात असे. मूळ वेतन बावन्न हजार. त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागले की तीस हजार येतात, आणि नऊ वर्षांचे दोन लाख सत्तर हजार. एका साध्या ई-मेलवर उरलेले तीस हजार तीन आठवड्यांत जमा झाले. चार महिने ते पत्रक त्यांनी उघडूनही पाहिले नव्हते. पाहावेसे वाटले नाही, असे ते म्हणाले.

आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र उशीर भोवला. कंपनीच्या समूह विम्यात वडीलही होते आणि वडिलांना मधुमेह आहे. समूह विमा संपण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज केला असता तर प्रतीक्षाकाळात (जुन्या आजाराचा खर्च विमा देत नाही त्या सुरुवातीच्या काळात) आधीची वर्षे धरली गेली असती. जूनमध्ये ती वाट बंद झालेली होती.

"तुलेच काऊन काढलं?"

जुलैच्या सुरुवातीला त्यांनी वडिलांना सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमची मिल बंद झाली तं सारेच घरी बसले होते. तुलेच काऊन काढलं?"

या प्रकरणाचा गाभा त्या म्हाताऱ्या माणसाने एका वाक्यात पकडला, असे मला वाटते. मिल बंद पडली तेव्हा इंदोरा, पाचपावली, गोळीबार चौक या भागांत घराघरांतली माणसे एकाच कारणाने रिकामी झाली. पैशाची ओढाताण भयंकर झाली. पण भाजीच्या ठेल्यावर किंवा चक्कीवर गेलेल्या कोणाला, तुझ्यातच काहीतरी कमी असेल, असे कोणी म्हटले नाही. चाळीसांतून अकरा निवडले जातात तेव्हा मात्र निवड झाली हीच बातमी ठरते. ऐकणारा मनातल्या मनात विचारतो की एकोणतीस राहिले, मग हाच का गेला?

रॉबर्ट गिबन्स आणि लॉरेन्स कॅट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याच फरकाचा अभ्यास मांडला. संपूर्ण कारखाना बंद पडल्यामुळे बेकार झालेल्यांपेक्षा, निवडक कपातीत गेलेल्या पांढरपेशांना पुढची नोकरी उशिरा मिळाली आणि वेतनातही अधिक तूट सोसावी लागली, असे त्यांना आढळले. नव्या मालकाला उमेदवाराची खरी पात्रता दिसत नाही. जुन्या मालकाला ती दिसत होती आणि त्याने याला सोडला, एवढेच दिसते, आणि तो त्यावरूनच ताडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतील सुमारे तीन हजार जागांसाठी जवळपास बारा हजार बनावट बायोडेटा पाठवले. बेकारीचे महिने वाढतील तसतसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत गेले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. शिवाय जिथे रोजगाराची स्थिती चांगली होती तिथे ती अधिक तीव्र होती. म्हणजे सगळीकडे हात रिकामे असतील तर रिकाम्या हातांवरून कोणी काही ताडत नाही, आणि वडिलांच्या प्रश्नाचा अर्थही हाच होता.

नागपुरात याला एक स्थानिक पीळ पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने अकरा हजार आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने बारा हजार माणसे कमी केल्याच्या बातम्या इथेही सर्वांनी वाचल्या होत्या. पण मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधील मध्यम कंपनीत मुलाखत घेणारा माणूस त्या लाटेत भिजलेला नसतो. त्याच्या लेखी ती अमेरिकेतली गोष्ट असते आणि समोर बसलेला, पुण्याहून परत आलेला नागपूरचा माणूस ही वेगळी गोष्ट असते. शहरातले वर्तुळही लहान आहे. लक्ष्मीनगरातल्या साक्षगंधात जो भेटतो तोच पुढच्या आठवड्यात एखाद्या कंपनीत कोणाच्या तरी शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून अर्जदारांनी मे महिन्यातली चारही लग्ने टाळली. पत्नी एकट्या जात आणि "यांना काम आहे" म्हणत. "सध्या कुठे?" या प्रश्नापासून ते वाचले खरे, पण ते मोकळे आहेत हे ज्यांना कळायला हवे होते त्यांनाही कळले नाही.

मुलाखती

पहिली मुलाखत मी भेटण्यापूर्वीची, मे महिन्यातली. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न आल्यावर अर्जदार सुमारे दहा मिनिटे बोलले. व्यवस्थापकाचा लहरीपणा, पुण्यातल्यांना मिळणारे झुकते माप, वर्षभर आधीच लागलेली कुणकुण, सगळे सांगून झाले. त्यात खोटे काही नव्हते. कार्मिक विभागातल्या माणसाला मात्र अशा वेळी पहिल्या मिनिटानंतर शब्द ऐकू येत नाहीत, नुसता कढ ऐकू येतो, आणि हा आपल्याबद्दलही असेच बोलेल अशी खूणगाठ तो बांधतो. मी स्वतः तसाच वागत आलो आहे.

दुसऱ्या मुलाखतीत जे बिघडले ते माझ्या सल्ल्यामुळे. जूनमध्ये मी त्यांना सुचवले की फेब्रुवारीपासूनचे महिने मोकळे दिसू देऊ नका, 'स्वतंत्र सल्लागार' अशी एक ओळ घाला. एका मित्राच्या दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर त्यांनी तपासून दिले होते, तेव्हा ही ओळ अगदीच बिनबुडाची नव्हती. ऑगस्टमध्ये एका कंपनीतल्या बाईंनी शांतपणे विचारले, किती ग्राहक होते, बिले आहेत का, आणि व्यावसायिक शुल्कावर कर कापला गेला असेल तर तो आयकर खात्याच्या फॉर्म सव्वीस-एएसमध्ये दिसेल ना? दिसणार नव्हता, कारण मित्राने त्या कामाचे सात हजार रोख दिले होते. अर्जदार गडबडले. त्या बाईंनी पुढे एकही तांत्रिक प्रश्न विचारला नाही. रिकामे महिने जेवढा संशय निर्माण करतात त्याहून मोठा संशय ते महिने झाकणारी ओळ निर्माण करते, ही गोष्ट मला बावीस वर्षांत कळायला हवी होती. मी त्या वेळी उमेदवार आपल्याला कसा दिसेल याचा विचार करत होतो. तपासणी कशी होते याचा केला नाही. आजकाल पडताळणी करणारी संस्था पीएफच्या खात्यावरून कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी जमा झाली ते पाहते, आणि तारखांपुढे कोणाचे शब्द टिकत नाहीत. (त्यांच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने जुलैपर्यंत टाकलेलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती सदस्याला पोर्टलवर स्वतः नोंदवता येते. तशी ती नोंदवून घेतली.)

तिसऱ्या मुलाखतीला, सप्टेंबरमध्ये, ते सरळ खरे बोलायचे ठरवून गेले. "माझी कपात झाली," असे त्यांनी सांगितले. समोरच्याने रिलीव्हिंग लेटर पुढे ओढले. त्यात लिहिले होते की आपण वैयक्तिक कारणास्तव दिलेला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. "यात तर राजीनामा आहे," तो म्हणाला. ज्या कागदाने डाग लागू नये म्हणून त्यांनी सही केली होती, त्याच कागदाने त्यांना खोटे ठरवले. त्या दिवशी ते जयप्रकाशनगर स्थानकावर न उतरता मेट्रोने थेट खापरीपर्यंत गेले आणि उलट्या गाडीने परत आले, असे त्यांनी नंतर सांगितले. मुद्दाम गेलो नाही, उतरायचे राहून गेले, असेही म्हणाले.

हिशेबाचे पत्रक

त्यानंतर आम्ही कागद पुन्हा एकदा टेबलावर पसरले. जुन्या कंपनीला दोनदा लिहून झाले होते. पत्राचा मजकूर ठरलेला असतो, बदलता येत नाही, असे छापील उत्तर आले होते. व्हिडिओ कॉलचे चित्रीकरण त्यांच्याकडे नव्हते. मग माझे लक्ष अंतिम हिशेबाच्या पत्रकावर गेले. ग्रॅच्युइटीच्या भांडणात आम्ही फक्त वरची ओळ पाहिली होती. खाली सातव्या ओळीत 'सानुग्रह रक्कम: दोन महिने' असे होते, आणि नोटीस पीरियडच्या रकान्यात वसुली शून्य होती, जरी शेवटचा कामाचा दिवस राजीनाम्यानंतर अवघ्या तिसऱ्या दिवशीचा होता. जो माणूस आपल्या मर्जीने नोकरी सोडतो त्याला तिसऱ्या दिवशी मोकळे करून, नोटिशीचे पैसे न कापता, वर दोन महिन्यांचा पगार कोणतीही कंपनी देत नाही. हिशेब जाणणाऱ्या कोणालाही ते पत्रक पाहून अर्ध्या मिनिटात कळले असते की ही कपात आहे. कंपनीने कबुलीच दिली होती, फक्त ती हिशेब खात्याच्या भाषेत दिली होती.

दुसरा आधार एका व्यक्तीचा मिळाला. त्यांचा आधीचा व्यवस्थापक, ज्याच्याविषयी ते पहिल्या मुलाखतीत इतके बोलले होते, तोही मार्चमध्ये कपातीत गेला होता. मी सुचवल्यावर त्यांनी दोन दिवस फोन केला नाही. केला तेव्हा तो पाऊण तास बोलला आणि आपण होऊन म्हणाला की कोणालाही माझा नंबर द्या, चाळीसांतली अकरा पदे उत्पादन बंद झाल्यामुळे गेली, कामगिरीमुळे नव्हे, हे मी सांगेन.

बायोडेटातली सल्लागाराची ओळ काढली आणि तिच्या जागी घातले, 'फेब्रुवारी २०२३: उत्पादन बंद झाल्याने विभागातील ४० पैकी ११ पदे रद्द.' मुलाखतीसाठीचे उत्तर चार वाक्यांचे केले आणि माझ्यासमोर इतक्या वेळा म्हणून घेतले की त्यातला कढ निघून गेला: काय बंद झाले, किती पदे गेली, कागदावर राजीनामा का आहे, आणि त्यानंतरच्या महिन्यांत काय केले. प्रश्न येण्याची वाट न पाहता हे पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगायचे, असेही ठरवले. विचारल्यावर दिलेले उत्तर बचावासारखे वाटते; आधी सांगितलेली तीच गोष्ट माहिती ठरते. शेवटच्या वाक्यासाठी त्यांनी ऑटोमेशन टेस्टिंगचा सराव केला होता आणि तो दाखवता येत होता, म्हणून तिथे शब्दांची गरज पडली नाही.

दरम्यान पत्नीने आपल्यापुरता निर्णय घेतला होता. दसऱ्याला आपट्याची पाने द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या सांगू लागल्या की यांची नोकरी गेली आहे, टेस्टिंगमध्ये कुठे काही असेल तर कळवा. अर्जदारांना ते आवडले नाही आणि दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी शिकवणीतल्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला; रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या परसोडीच्या एका कंपनीत त्यांचा भाऊ होता.

चौथी मुलाखत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवाळीच्या तोंडावर झाली. अर्जदारांनी सुरुवातीलाच चार वाक्ये सांगितली आणि रिलीव्हिंग लेटरसोबत हिशेबाचे पत्रक ठेवले, सातव्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून. मुलाखत घेणाऱ्याने ती ओळ पाहिली, नोटिशीचा रकाना पाहिला आणि विचारले, "कितने लोग गये थे?" अकरा, ते म्हणाले. पुढचा तासभर फक्त टेस्टिंगवर बोलणे झाले. जुन्या व्यवस्थापकाला फोन गेला तो दिवाळीनंतर.

४ डिसेंबर २०२३ रोजी ते रुजू झाले. वार्षिक पॅकेज सव्वापंधरा लाखांवरून साडेअकरा लाखांवर आले. यातले किती कपातीच्या डागामुळे आणि किती पुणे-नागपूर फरकामुळे, हे वेगळे काढता येत नाही. मला स्वतःला दुसरे कारण मोठे वाटते, त्यांना पहिले. घराचा एकही हप्ता थकला नव्हता, कारण जूनमध्येच त्यांनी पीएफमधून रक्कम काढली होती आणि मुख्य म्हणजे साळ्याने ऐंशी हजार दिले होते. नव्वद दिवस थकबाकी झाली की खाते अनुत्पादक ठरते आणि ती नोंद पुढे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही, म्हणून पीएफला हात लावायला मी विरोध केला नाही. साळ्याचे पैसे २०२४ च्या दिवाळीत फिटले. वडिलांच्या मधुमेहासाठी घेतलेल्या नव्या पॉलिसीचा प्रतीक्षाकाळ अजून संपायचा आहे.

रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये 'मागील नोकरी सोडण्याचे कारण' असा रकाना होता, एका बोटाच्या पेराएवढा. त्यात त्यांनी 'पद रद्द' लिहिले आणि बाजूला कंस करून 'हिशेबाचे पत्रक जोडले आहे, ओळ ७ पाहावी' असे घातले.